परवानगी कोणाची?

"मामा, पुस्तक तू विकत घेतलंस ना, मग उघडायला परवानगी कोणाची मागतोस?" असे भाच्याने आज म्हापशाच्या घरी पडवीत बसून विचारले आणि मला चटकन उत्तर सुचले नाही.

बाहेर पाऊस कोसळत होता, वीज गेली होती. नव्या टॅबवर त्याच्यासाठी उतरवलेल्या चित्रकथेच्या मुखपृष्ठावर एक छोटे कुलूप होते आणि खाली, पुस्तक जितक्या उपकरणांवर उघडता येते ती मर्यादा संपल्याची ओळ. ज्या जुन्या फोनने त्यातली एक जागा अडवली आहे, तो गेल्या पावसाळ्यात पाण्यात पडून कायमचा बंद झाला; ई-पुस्तकांच्या दुकानाच्या दप्तरी मात्र तो अजून जिवंत आहे.

फाइल माझ्याकडे, किल्ली दुकानाच्या सर्व्हरवर, असा हा व्यवहार. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले, तेव्हा वाचकांना पैसे परत मिळाले, पण पुस्तके उघडेनाशी झाली; ज्यांनी त्यांत टिपणे केली होती, त्यांच्या खात्यात वर २५ डॉलर जमा झाले. (टिपणांचा हा भाव कोणी ठरवला असेल?) चोरून उतरवलेली प्रत मात्र कधीच कुलूप दाखवत नाही, हे अधिक बोचते.

शेवटी आईने कपाटातून माझी एक जुनी चित्रकथा काढून दिली. कडा वाळवीने खाल्लेल्या, आतल्या पानावर शाईने माझे नाव आणि त्याखाली, ती उसनी नेऊन महिनाभर न परतवणाऱ्या शेजारच्या मुलाचेही. भाचा दाराच्या उजेडात ती वाचत बसला.

टॅबमधली मी त्याला कशी देणार?