आमची वाटचाल : चार मिलिमीटरची गोष्ट

आम्ही औषध बनवत नाही, हे आधीच सांगून टाकतो, कारण ओळखीतलं कोणी ना कोणी फोन करून विचारतंच की अमुक इन्फेक्शनवर तुमच्याकडे काही आहे का. आमच्याकडे आहेत प्लेट्स. नवीन औषध शोधणाऱ्यांना जंतू वाढवायला आणि मारून बघायला जी अगरची (जेलीसारख्या थराची) प्लेट लागते ती ओतून द्यायची, एवढ्यावर आम्ही तिघांनी धंदा सुरू केला. दोन टेबलं, एक सेकंडहँड ऑटोक्लेव्ह (वाफेने निर्जंतुक करायचं यंत्र) आणि एक इनक्युबेटर, ज्याचं दार लागायचं नाही म्हणून चिकटपट्टी.

पहिल्याच वर्षी माती खाल्ली. एका ग्राहकाचा फोन आला, खूश होता, म्हणाला आमच्या नव्या रसायनाने औषधाला दाद न देणाऱ्या, म्हणजे रेझिस्टंट जंतूवर मस्त झोन दिलाय, म्हणजे औषधाच्या चकतीभोवती जंतू न वाढलेलं मोठं वर्तुळ. पंधरा दिवसांनी परत फोन, आवाज वेगळा, दुसऱ्या लॉटवर झोन निम्माही नाही. मी उरलेल्या प्लेट्स काढल्या, ब्लेडने अगर उभा कापला आणि पट्टी लावली तर एका बाजूला चार मिलिमीटर, दुसऱ्या बाजूला तीनच्याही खाली. आमचं टेबलच तिरकं होतं! या चाचणीला वापरतात तो म्युलर-हिंटन अगर साधारण ४ मिलिमीटर जाड लागतो, पातळ झाला की डिस्कमधलं, म्हणजे त्या चकतीतलं औषध खाली फारसं न जाता बाजूलाच लांबवर पसरतं, झोन मोठा दिसतो आणि न चालणारं औषध चाललं असं वाटतं. नशीब की तो रिसर्चचा नमुना होता, पेशंटचा नव्हता. तो लॉट आम्ही फुकट बदलून दिला, गवंडी वापरतात ती लेव्हल आणली आणि तेव्हापासून प्रत्येक लॉटमधली एक प्लेट कापून मोजतो, शिवाय ई. कोलाय २५९२२ हा ठरलेला जंतू लावून झोन बरोबर येतोय का बघतो, मगच माल बाहेर.

मग लोक विचारायला लागले की कोलिस्टिनसाठी काय? हे जुनं औषध, किडनीला त्रास देतं म्हणून मागे पडलं होतं, बाकीची चालेनाशी झाली तेव्हा परत काढलं, आणि २०१५ला एका जंतूकडून दुसऱ्याकडे जाणारा एमसीआर-१ जीन सापडल्यावर त्याचाही भरवसा गेला. त्याचा रेणू एवढा मोठा की अगरमध्ये धड पसरतच नाही, म्हणजे आमची प्लेट तिथे बाद! मग ९६ खळग्यांची ट्रे आणि पातळ द्रव, एका खळग्यातून पुढच्यात औषध अर्धं अर्धं करत न्यायचं, जिथपर्यंत द्रव स्वच्छ राहिला त्या शेवटच्या खळग्यातलं औषधाचं प्रमाण म्हणजे एमआयसी, जंतू वाढू न देणारं कमीत कमी प्रमाण. त्यात कोलिस्टिन प्लास्टिकलाही चिकटतं, त्यामुळे ट्रे कुठली घ्यायची हे समजायलाच आमचे कितीतरी महिने गेले.

धंदा म्हणून हा प्रकार वेडाच आहे, खोटं कशाला बोला. अकाओजेन नावाच्या कंपनीच्या प्लाझोमायसिन या नव्या अँटिबायोटिकला २०१८ला अमेरिकेत मंजुरी मिळाली आणि २०१९मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. नवं अँटिबायोटिक जपून, शेवटी वापरायचं असतं, मग खप होणार कुठून? आमचेही दोन ग्राहक असेच निधी संपून बंद पडले, एकाचं बिल अजून येणं आहे आणि ते येईल असं मला तरी वाटत नाही.

सध्या जास्त चौकशी फाजची आहे, म्हणजे जंतूंना खाणारे विषाणू. तसं हे नवं नाही, डी'हेरेल या शास्त्रज्ञाने १९१७मध्येच त्यांना नाव दिलं होतं, जॉर्जियातल्या तिबिलिसीत १९२३पासून त्यावर संस्था आहे, पण २०१६ला सॅन दिएगोत असिनेटोबॅक्टर या जंतूने मरणाच्या दारात गेलेला पेशंट फाज देऊन वाचला तेव्हा बाकीचं जग परत वळून बघायला लागलं. अडचण अशी की फाज चोखंदळ, एकाच जातीतला एक स्ट्रेन, म्हणजे एक वाण, खाईल आणि शेजारचा सोडून देईल, म्हणून शेकडो जोड्या लावून बघाव्या लागतात. जंतूच्या गढूळ थरात जिथे फाजने खाल्लं तिथे टाचणीच्या डोक्याएवढा स्वच्छ ठिपका पडतो. पहिला दिसला तेव्हा आमच्या सहकारी मॅडम अर्धा तास ती प्लेट दिव्यापुढे धरून बसल्या होत्या, चहा गार झाला तरी हलल्या नाहीत.

आता फाजवाल्यांना वरचा थर मऊ लागतो, नाहीतर ठिपका पसरतच नाही, आणि किती मऊ यावर प्रत्येकाचं मत वेगळं. म्हणून ऑर्डर फॉर्मवर जाडीच्या रकान्याशेजारी अजून एक रकाना वाढवलाय.