मापाच्या वहीतलं शेवटचं पान

माझ्या मापाच्या वहीत खांदा, छाती, कंबर, बाही, गळा असे रकाने आहेत. नागपुरात नंदनवनातल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मी ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते, आणि गेल्या जानेवारीपासून त्याच वहीच्या शेवटच्या पानावर एका मांजराच्या उलट्या लिहिते. मागे एका गिऱ्हाईक ताईने चुकून ते पान उघडलं. "सकाळी ६, पिवळा फेस, २ चमचे" वाचून तिने वही हळूच मिटून ठेवली.

मांजराचं नाव बॉबिन. पिवळा-पांढरा बोका, वजन साडेचार किलो. तीन महिन्यांचा असताना मशीनच्या पायदानाखाली येऊन झोपला, तो तिथलाच झाला.

बॉबिन ओकतो, हे आमच्या घरात नवीन नव्हतं. पंधरा-वीस दिवसांतून एकदा मान खाली घालणार, पोट आत-बाहेर करत "हुक हुक" आवाज काढणार आणि शेवटी ओल्या वातीसारखा केसांचा लांबट गोळा टाकणार, तोही नेमका कुणाच्या तरी धुतलेल्या परकरावर. मग अंग झटकून वाटीपाशी जाऊन बसणार. कधी भराभर खाल्लं की पाच मिनिटांत सगळं जसंच्या तसं बाहेर. आमचे हे म्हणायचे, "मांजर आहे ते, ओकूनच राहते. तू काऊन टेन्शन घेऊन राहिली?" आणि खरंच, मी टेन्शन घेणं सोडलं होतं. चूक तिथेच झाली.

संक्रांतीनंतरचा तिसरा दिवस. लग्नसराईची कामं डोक्यावर, थंडी अशी की सकाळी सुईत धागा ओवताना बोटं वळेनात. संध्याकाळी बॉबिनने खाल्लेलं सगळं काढलं. मी पुसलं. रात्री परत. सकाळी पिवळा फेस. पोट रिकामं असलं की पित्त येतं, हे मला ठाऊक होतं, म्हणून म्हटलं जाऊ दे. शेजारच्या काकूंनी कुंडीतल्या गव्हाच्या अंकुरांचं गवत आणून दिलं, ते त्याने हुंगलंही नाही. दुपारी थोडं पाणी प्यायला आणि दहा मिनिटांत तेच पाणी फरशीवर. केस नाहीत, अन्न नाही, नुसतं पाणी.

मी त्या पाण्याकडेच बघत बसले. रंग कसा, त्यात काय आहे, वास कसा. मांजराकडे बघितलंच नाही. तो मशीनखाली अंग चोरून बसला होता, अंड्यावर बसलेल्या कोंबडीसारखा, चारही पाय पोटाखाली, मान खाली, डोळे अर्धे मिटलेले. संध्याकाळी कोळीण आली. तिची हाक ऐकली की बॉबिन एरवी माझ्याआधी फाटकाशी असतो. त्या दिवशी नुसता कान हलला.

त्या रात्री मी करणार होते ती गोष्ट सांगायला लाज वाटते, पण सांगते. त्याचे कान गरम लागले, म्हणून तापाची पाव गोळी कुटून द्यावी असं आमच्या घरात ठरत होतं. पॅरासिटामॉल. लहान पोरांना देतो, तर मांजराला काय होतंय, असा हिशोब. पुण्याहून मुलीचा फोन आला म्हणून राहिलं. ती ओरडलीच. नंतर डॉक्टर मॅडमनी नीट समजावलं: माणसाचं लिव्हर हे औषध ज्या वाटेने निकामी करून टाकतं, ती वाट मांजराच्या लिव्हरमध्ये जवळजवळ नाहीच. रक्ताची ऑक्सिजन वाहायची ताकद जाते, हिरड्या तपकिरी पडतात, एका गोळीतही मांजर दगावू शकतं. आपली उलटीची गोळी, आपली ॲसिडिटीची गोळी, काहीच अंदाजाने द्यायचं नाही. आणि पोटातलं बाहेर काढायला मिठाचं पाणी पाजायचं तर अजिबात नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात न्यायचं ठरलं. पिंजरा नव्हता. फळवाल्याकडून संत्र्याचं प्लास्टिकचं क्रेट आणलं, खाली जुनी साडी, वरून ओढणी बांधली. क्रेटला संत्र्याचा वास भरलेला. बॉबिनला त्या वासाचा इतका तिटकारा की मी संत्रं सोललं तरी तो खोली सोडून जातो. त्या दिवशी तो त्या क्रेटमध्ये गुपचूप निजला. ऑटोत बसल्यावर मला रडू आलं ते त्यामुळे.

दवाखान्याचं नाव लिहीत नाही, ते महत्त्वाचं नाही. महत्त्वाचे होते मॅडमचे प्रश्न. चोवीस तासांत किती वेळा? पाणी टिकतं का? शेवटचं कधी खाल्लं? शी कधी केली? शू होते का, किती? वजन कमी झालंय का? घरात लिलीची फुलं, उंदराचं औषध, कुत्र्याच्या गोचिडीचं औषध असं काही? दोरा, रबर, मांजा?

पहिल्या प्रश्नापासून मी गडबडले. "बरेच वेळा" हे काही माप नाही, हे मला कळायला पाहिजे होतं. कुणी येऊन "बाही जराशी लांब ठेवा" म्हटलं तर मी टेप काढते की नाही? इथे मात्र मी "सहा असेल, आठ असेल" करत होते. मांजाचा प्रश्न आला तेव्हा मात्र मी छातीठोक सांगितलं, "मांजाच असेल मॅडम. आमच्या गल्लीतले पोट्टे ऐकत नाहीत." २०१७ साली राष्ट्रीय हरित लवादाने नायलॉन मांजावर देशभर बंदी घातली, तरी जानेवारीत आमच्या गल्लीतल्या तारांवर तो लोंबतोच. दिवसभर "ओ काट"चा गलका आणि संध्याकाळी गच्चीवर गुंताडा.

मॅडमनी बॉबिनचं तोंड उघडलं, हनुवटीखालून अंगठ्याने जीभ वर उचलली आणि टॉर्च मारला. जिभेच्या खाली, अगदी मुळाशी, एक धागा रुतून बसला होता.

राणी कलरचा.

मांजा नव्हता तो. माझा होता. आदल्या आठवड्यात एका राणी कलरच्या साडीला मी हाताने फॉल लावला होता, त्यातला उरलेला तुकडा. सुया मी रोज रात्री मोजते. सासूबाईंनी घातलेली सवय आहे, घरात लहान पोरं होती तेव्हापासूनची. धागा कोण मोजतं?

मॅडमनी एक्स-रे काढला, सोनोग्राफी केली. धागा एक्स-रेत दिसत नाही, सुई असती तर दिसली असती. पण आतडं गोळा झालेलं दिसतं. मी विचारलं, गोळा म्हणजे कसं. त्या शब्द शोधत होत्या आणि मला एकदम कळलं. चुण्या! घागऱ्याला चुण्या घालताना आपण लांब टाके घालतो, एक टोक पक्कं करतो आणि दुसरीकडून कापड धाग्यावर सरकवत नेतो. कापड गोळा होत जातं, धागा मात्र ताठ. बॉबिनच्या आत तेच चाललं होतं. एक टोक जिभेखाली अडकलेलं, दुसरं आतड्यात पुढे गेलेलं, आणि आतडं पुढे ढकलायच्या नादात स्वतःच त्या धाग्यावर चढत चाललेलं. फार ताण आला की धागा कापडाला कापतो, हे मला कुणी शिकवायला नको. आतडं कापलं की पोटात विष पसरतं. म्हणूनच तोंडातून किंवा शीच्या जागेतून दोरा लोंबताना दिसला तरी ओढायचा नाही. तसंच उचलायचं आणि दवाखाना गाठायचा.

मांजर दोरा थुंकून का टाकत नाही, हेही विचारलं. त्याच्या जिभेवरचे काटे घशाच्या दिशेने वळलेले असतात. एकदा जिभेवर आलं की आतच जातं.

आधी सलाइन, मग ऑपरेशन. जिभेखालचा धागा कापला, पोट उघडलं, आतड्याला दोन ठिकाणी छेद. सगळं मिळून १९,००० रुपये झाले, म्हणजे माझ्या दोन महिन्यांच्या पिकोचे. आमचे हे एक शब्द बोलले नाहीत, उलट रात्री दवाखान्याच्या बाकावर हेच बसले. मॅडम म्हणाल्या, आणखी एक दिवस गेला असता तर सांगता आलं नसतं. पाचव्या दिवशी तो घरी आला, गळ्यात प्लास्टिकची कॉलर, पोटावर टाके. टाके मी नीट बघितले. सरळ होते, अंतर सारखं.

तेव्हापासून शेवटचं पान. तारीख, वेळ, काय निघालं, नंतर काय केलं. या "नंतर काय केलं"साठी मी सगळ्यात रुंद रकाना आखलाय. केसांचा गोळा टाकून वाटीपाशी गेला, शेपटी वर, तर पुसायचं आणि कामाला लागायचं. मशीनखाली कोंबडी होऊन बसला की माझी चप्पल पायात. एका दिवसात दोन-तीनपेक्षा जास्त वेळा झालं, पाणीही टिकेना, लाल रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काही आलं, हिरड्या पांढऱ्या किंवा पिवळ्या दिसल्या, तर वाट बघायची नाही. खाणं पूर्ण बंद होऊन एक दिवस उलटला तरी नाही. माणूस एकादशीला उपास करतो, मांजराला तो झेपत नाही. जाड मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं की अंगातली चरबी लिव्हरवर चढते आणि ते वेगळंच आजारपण. हे सगळं मोठ्या मांजराचं. पिल्लू ओकत असेल आणि लस झालेली नसेल, तर मी दुसऱ्या उलटीचीसुद्धा वाट बघणार नाही.

अंगातलं पाणी कमी झालंय का, हे बघायला मानेमागची कातडी चिमटीत धरून सोडायची. लायक्रासारखी झटकन बसली तर ठीक. सुती कापडासारखी घडी तशीच उभी राहिली तर अंग सुकलंय. हिरडीला बोट लावलं तर ते ओलं, गुळगुळीत लागायला हवं, चिकट नको. म्हाताऱ्या मांजरांचं पुन्हा निराळं: आठवड्याला एखादी उलटी, वजन हळूहळू उतरतंय, पाणी जास्त पितंय, अशा वेळी घाई नसली तरी रक्त तपासून घ्यावं. किडनी किंवा थायरॉईडचं दुखणं असंच गुपचूप येतं म्हणे.

मे महिन्यात बॉबिन ओकला. पारा ४५च्या वर, कूलर नुसता गरम वारा फेकत होता. मी वही उघडली, एकच उलटी, केसांची वात निघाली, नंतर पाणी प्यायला, रात्री जेवला. गेलेच नाही दवाखान्यात. पुसताना मला चक्क शांत वाटत होतं.

आणि पावसाळ्यात वरच्या मजल्यावरच्या ताईंचा बोका. त्या सांगत आल्या, "उलटी करून राहिला, पोट साफ नाही वाटते, सारखा मातीच्या टबात जाऊन बसते." मी विचारलं, बसतो तेव्हा काय निघतं? त्यांनी बघितलं नव्हतं. आम्ही दोघी वर गेलो. टबातली माती कोरडी होती. तो बसायचा, कण्हायचा, थेंब नाही. शीचा नाही, शूचा प्रश्न होता. बोक्यांची लघवीची नळी अरुंद असते, खड्याने किंवा चिकट गाळाने बंद होते; विष रक्तात चढतं, म्हणून उलटी. एक-दोन दिवसांत हृदय बंद पडू शकतं. ताई म्हणत होत्या, उद्या रविवार आहे, सोमवारी बघू. मी म्हटलं, अजी सोमवार कुठला, आत्ताच चला. संत्र्याचं क्रेट माझ्याकडे होतंच. सेमिनरी हिल्सवर १९५८ सालापासूनचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे त्यांच्या भाच्याची ओळख होती. त्याच दुपारी नळी घालून शू काढली. त्यांनी मला तिळाच्या वड्या आणून दिल्या, भर पावसाळ्यात.

तो राणी कलरचा धागा मॅडमनी मला छोट्या पिशवीत घालून दिला होता. घरी येऊन मी टेपने मोजला. २६ इंच, म्हणजे आमच्याकडच्या एका बारीक पोरीच्या कमरेचं माप. पानावर पहिली नोंद तीच आहे.

आता रिळं आणि तुकडे स्टीलच्या डब्यात जातात, झाकण घट्ट. बॉबिनने डब्याचं झाकण आपलं केलंय. त्याच्यावर बसून तो सगळा दिवस मशीन बघतो, आणि धागा हवा असला की मला आधी त्याला उचलावं लागतं.