ओव्यांची गोधडी: काठांचं काम उरकलं, आता थर लावायचे

नमस्कार मंडळी, बरेच जण विचारत होते मुळशीच्या गोधडीचं कुठवर आलं म्हणून, तर हा घ्या अपडेट. नवीन लोकांसाठी थोडक्यात, माझ्या माहेरच्या गावात आम्ही सगळ्या वाड्यांच्या बायका मिळून एक मोठी गोधडी करतोय, साधारण सात बाय पाच फुटांची, आणि तिच्यावर गावातल्याच म्हाताऱ्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या भरायच्यात. पूर्ण झाली की ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये लावायची. विकायची नाही, प्रदर्शनात पाठवायची नाही, हे आधीच ठरलंय.

ओव्या गोळा करणं सोपं जाईल असं वाटलेलं. फोनचा रेकॉर्डर चालू करून आज्जींच्या समोर बसलं तर "आता कुठं आठवतंय बाय" इथंच गाडी अडायची. मग एक आज्जी वैतागून म्हणाल्या, जातं आणा आधी. एका पडवीत कोपऱ्यात पडलेलं जातं उचलून आणलं, धुतलं, खुंटा सैल झालेला तो ठोकून घट्ट केला, मूठभर नाचणीची वैरण टाकली आणि दोघी समोरासमोर बसल्या. एकीनं पहिली ओळ उचलली की दुसरी मागून धरते, आणि पीठ पडायला लागलं तशा ओव्या सुटल्या त्या थांबेचनात. पहिली माझी ओवी म्हणून देवापासून सुरुवात, मग आई, भाऊ, लेक, पंढरपूर, सीतेचा वनवास. दोन ओळींची ओवी असते बहुतेक वेळा, पण गाताना मध्ये "बाई", "गं" वगैरे घालून ती इतकी लांबते की कापडावर किती मावेल याचा हिशोब रेकॉर्डिंग ऐकून लागतच नाही, लिहून काढावीच लागते.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी, हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांनी गावोगावच्या बायकांकडून अशा लाखभर ओव्या जमवल्यात, त्यात आमच्या मुळशीकडच्याही पुष्कळ आहेत, आणि आता पारीच्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) साइटवर त्या वाचायला-ऐकायला मिळतात. जरूर ऐका, नुसतं वाचून चाल कळत नाही.

आता मुख्य गंमत, म्हणजे अक्षरं. देवनागरी भरताना शिरोरेघ सरळ येत नाही हे दुखणं इथं सगळ्यांचंच आहे, जुनं सुती कापड मऊ असतं, रिंगमध्ये ताणलं की विरतं आणि न ताणता भरलं की रेघ साप चालल्यासारखी जाते. तर आमच्या एका काकूंनी लुगड्याचा काठ उलटा धरला आणि म्हणाल्या, रेघ भरतेस कशाला, ही विणलेलीच आहे की! म्हणजे काठाची जी कडेची बारीक पट्टी असते तीच शिरोरेघ धरायची आणि अक्षरं तिला लटकवायची. मी तर खूशच झाले. त्या दिवसापासून सगळे काठ वेगळे कापून घेतले, प्रत्येक पट्टीवर एक ओळ, मागे जुन्या धोतराचं अस्तर. अक्षरं साखळी टाक्यानं, सहा पदरी दोऱ्यातले दोनच पदर घेऊन, कारण तीन घेतले की वेलांटीचं वळण जाड होतं आणि इ-ई काही ओळखू येत नाही. अनुस्वाराला फ्रेंच नॉट, म्हणजे गाठीचा टाका. जोडाक्षरं कमी आली हे ओवीचे उपकार, बोलीत ती आपोआप सुटी होतात.

टेरिकॉटच्या साड्या मात्र नम्रपणे परत केल्या. सुई सटकते आणि दाभणाची भोकं तशीच राहतात.

वाद झालेच. भावाची एक ओवी आहे, बहिणीला न्यायला तो माहेराहून येतो, तर वरच्या वाडीत तो बैलगाडीनं येतो आणि खालच्या वाडीत यष्टीनं. दोन्हीकडच्या आज्ज्या आपलंच खरं म्हणून अडून बसल्या. एसटी सुरू झाली १९४८ मध्ये, म्हणजे यष्टीवाली ओवी त्यानंतरचीच, पण म्हणून ती खोटी थोडीच? कोणीतरी दळताना बस पाहिली आणि गाडी बदलली, ओवी अशीच तर जगते. शेवटी दोन्ही भरल्या, गोधडीच्या समोरासमोरच्या बाजूंना.

दुसरा वाद जास्त नाजूक होता. बौद्धवाड्यातल्या बायकांच्या बाबासाहेबांवरच्या ओव्या फार सुंदर आहेत, काही जणींचं म्हणणं पडलं की त्यांची वेगळी छोटी गोधडी करू. मी स्पष्ट नाही म्हणाले, आणि बऱ्याच जणी माझ्या बाजूनं उभ्या राहिल्या. त्या ओव्या आता विठोबाच्या ओळींना लागूनच आहेत, निळ्या दोऱ्यात, मधल्या चौकटीत.

बाहेरची चौकट गडद निळ्या लुगड्याची आहे, ते धरणाचं पाणी. १९२१ ला सेनापती बापटांबरोबर इथल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला तरी टाटांचं धरण झालंच आणि गावं पाण्याखाली गेली, आमच्याकडच्या कितीतरी घरांचं मूळ गाव आज तळ्यात आहे. त्या पट्टीवर ओवी नाही, फक्त गेलेल्या गावांची नावं येणार. यादी म्हाताऱ्या माणसांकडून तपासून घेणं चालू आहे.

तर सध्याची स्थिती अशी की ओव्यांचे सगळे काठ भरून झालेत आणि आता थर लावायचे. खाली दोन जुनी लुगडी, मध्ये धोतराचे तुकडे, वर काठ जोडलेला दर्शनी थर. धावदोरा नेहमीसारखा बाहेरून आत चौकटी-चौकटीनं जाणार, पण अक्षरांच्या पोटातून टाका घालायचा नाही, कडेनं वळसा घ्यायचा. आणि ओळी चारी बाजूंना असल्यानं गोधडी वाचायची तर तिच्याभोवती गोल फिरावं लागतं, त्यामुळे भिंतीवर टांगायची की हॉलच्या मधे चौरंगावर पसरायची हे अजून अडलंय. मला पसरलेली आवडेल, पण पोरं वर बसतील अशी सरपंचबाईंना भीती आहे, आणि ती खरीच आहे.

दोन गोष्टी विचारायच्यात. लाल काठ मिठाच्या पाण्यात दोनदा भिजवूनही थोडा रंग सोडतोय, तर शिवण्याआधी अजून काय करता तुम्ही? आणि कोणाकडे सुती लुगड्याचे अरुंद काठ पडून असतील, हिरवे चालतील, तर सांगा, गावांच्या नावांसाठी पट्ट्या कमी पडतायत.