फ्रेमच्या कडेचा पोलीस

रविवार, रात्री उशिरा

हॉलची लांब भिंत आज भरली. शाहू महाराज, बाबासाहेब, चरख्यामागे बसलेले गांधीजी आणि खाटेवर बसलेला भगतसिंग. चारही कृष्णधवल, चारही मूळ फोटोवरून काढलेल्या प्रिंट. रंग भरलेलं काही घ्यायचं नाही, हे घराचा रंग ठरवतानाच पक्कं केलं होतं.

फ्रेमवाल्या मामांचं दुकान इथे कोल्हापुरात, महाद्वार रोडच्या एका बोळात आहे. भगतसिंगची प्रिंट त्यांनी टेबलावर पसरली, चारी बाजूंनी पट्टी धरून पाहिली आणि म्हणाले, "ताई, कडंला बसलेल्या ह्या सायबाला कापू का? भगतसिंग मोठा येतोय बघा."

धंद्याच्या नजरेतून त्यांचं बरोबरच होतं. बाजारात हा फोटो बहुतेक वेळा कापलेलाच मिळतो. पण मला तो साहेब हवाच होता. फोटो 1927 चा, लाहोरचा. आदल्या वर्षीच्या दसऱ्यातल्या बॉम्बस्फोटाचा संशय घेऊन मे महिन्यात भगतसिंगला पकडलं, तेव्हा त्याचं वय 19. पाचेक आठवडे अडकवून ठेवला आणि मग 60 हजार रुपयांच्या जामिनावर सोडला. त्या काळातले 60 हजार! फोटोत डोक्यावर पगडी नाही, केस वर बांधलेले, समोर खुर्चीत पोलीस अधिकारी. अधिकारी कापला की उरतो खाटेवर निवांत टेकलेला एक देखणा तरुण. अधिकारी राहिला की कळतं, चौकशी चाललीय आणि हा पोरगा तिच्यासमोर असा बसलाय. सगळा फोटो त्या खुर्चीमुळे उभा आहे.

त्याचे खरे म्हणून माहीत असलेले फोटो चारच. त्यातला हॅटवाला एप्रिल 1929 मध्ये दिल्लीत काश्मिरी गेटच्या स्टुडिओत काढलेला, असेंब्लीत बॉम्ब टाकायच्या थोडे दिवस आधी. कॅलेंडरवरचा पिवळा फेटा आणि हातातलं पिस्तूल यांतल्या एकातही नाही. चार फोटोंइतकाच ऐवज मागे ठेवून गेलेल्या माणसाला आपण मनाने रंगवू नये, असं मला फार वाटतं.

राजारामपुरीत टी-शर्टवर दिसणारा क्रांतिकारक चे गव्हेरासुद्धा असाच कापलेला. आल्बेर्तो कोर्दाने 5 मार्च 1960 ला हवानात तो फोटो घेतला. जहाजावरच्या स्फोटात मेलेल्यांची शोकसभा होती. मूळ फोटो आडवा आहे, एका बाजूला दुसरा माणूस, दुसरीकडे झाडाची पानं. ते सगळं गेलं आणि शोकसभाही गेली.

गांधीजींची प्रिंट मात्र आख्खीच मिळते. मार्गारेट बर्क-व्हाइट यांनी 1946 मध्ये पुण्यात घेतलेला हा फोटो. फोटो काढण्याआधी मार्गारेटबाईंना चरखा चालवायला शिकावं लागलं होतं. पुढ्यात चरखा एवढा मोठा आहे की नजर आधी तिथेच जाते. मागे गांधीजी बसलेत, आणि ते सूत कातत नाहीयेत, वाचताहेत. डोळे खाली, हातात कागद. लेक बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "आई, हे तर अभ्यास करतायत." इतकी वर्षं "चरखा चालवणारे गांधीजी" म्हणत हा फोटो दाखवणाऱ्या सगळ्यांपेक्षा तिने तो नीट पाहिला.

प्रिंटबद्दल लिहून ठेवते, पुढे उपयोगी पडेल. कागद मॅट घ्यायचा, चकचकीत कागदावर ट्यूबलाइटच दिसते. 300 डीपीआयला (म्हणजे इंचाला 300 ठिपके) ए-थ्री साठी फाइल साधारण 3500 बाय 4950 पिक्सेल लागते. फाइल लहान असेल तर प्रिंटही लहान काढायची. मोबाइलवरच्या "फोटो सुधारा" छाप अ‍ॅपमधून ती फुगवायची नाही. ती अ‍ॅप नसलेले डोळे, नसलेली त्वचा स्वतःच भरतात आणि चेहरा भलत्याच माणसाचा होतो. जुन्या फोटोतला दाणा राहू दे. आणि माउंट, म्हणजे काच आणि फोटोच्या मधली पुठ्ठ्याची चौकट, घालायचाच. आपल्याकडच्या पावसाळ्यात काचेला टेकलेला कागद ओल धरतो आणि चिकटून बसतो, मग सोडवायला गेलं की फाटतो. मामांनी दोन इंचांचा पांढरा माउंट घातलाय, तो फार शोभतोय.

सासूबाईंना एकच गोष्ट पटेना. शिवाजी पेठेतल्या त्यांच्या घरात महाराजांचा फोटो दारावर, छताला लागून असायचा आणि दसऱ्याला त्याला झेंडूचा हार. "एवढ्या खाली लावलंस होय गं महाराजांना?" फोटोचा मध्य जमिनीपासून 58 इंचांवर धरलाय, म्हणजे उभं राहिलं की डोळ्याला डोळा भिडतो. मी त्यांना फोटोसमोर उभं केलं. म्हटलं, आई, हे गेले तेव्हा 47 वर्षांचे होते. 1902 चा आरक्षणाचा जाहीरनामा निघाला तेव्हा तर 28 वर्षांचे. फेटा आणि भारदस्त देह यामुळे आपण त्यांना कायम वडीलधारे समजतो. सासूबाई चष्मा लावून जवळ गेल्या. "डोळ्याखाली किती थकवा आहे रे देवा," एवढंच म्हणाल्या. दाराच्या वरून हे कधी दिसलं नसतं.

बाबासाहेब महाराजांच्या शेजारीच, त्याच उंचीवर, त्याच मापात. 1920 च्या माणगाव परिषदेत दोघे एका व्यासपीठावर होते, आणि बाबासाहेबांचा बिंदू चौकातला पुतळा ते हयात असताना, 1950 मध्ये बसवलेला आहे. या गावात त्यांना शेजारी लावायला वेगळं कारण लागत नाही.

खिडकीजवळची जागा अजून मोकळी आहे. भिंतीवर चारही पुरुष झाले, हे सासूबाईंनीच बोलून दाखवलं. 1930 च्या दांडीच्या वेळचा, गांधीजींसोबत सरोजिनी नायडू असलेला फोटो मनात आहे. तिथे दुपारी ऊन येतं, त्यामुळे आधी पडदा शिवायचा, नाहीतर प्रिंट दोन-तीन उन्हाळ्यांत उडेल. चांगली फाइल मिळाली की मामांकडे माप देते. कडेची माणसं न कापता.