बीएस्सी केमिस्ट्री १९९९ – कोण कुठंय?

आमची बॅच १९९९ ची, सांगलीची, बीएस्सी केमिस्ट्री. पंचवीस वर्षं झाली म्हणून गेटटुगेदर ठरलं, आणि ते ठरतंय न ठरतंय तोवर ग्रुपवर कुणीतरी टाकलं की नुसतं जेवून उठायचं नको, सगळ्यांची माहिती गोळा करून एक छोटी पुस्तिका काढू, कोण कुठंय, काय करतंय. सगळ्यांनी पटापट अंगठे टाकले आणि काम माझ्याकडं आलं. मी विश्रामबागेत क्लासेस घेते, म्हणजे "तू काय सांगलीतच आहेस की", एवढं कारण पुरतं आपल्याकडं.

ग्रुपवर वर्गातले निम्मेच. बाकीचे शोधायचे तर आधी नावं पाहिजेत, आणि सगळ्यांची नावं एकाच ठिकाणी, शेवटच्या वर्षाच्या ग्रुप फोटोखाली, "उभे, डावीकडून" करत छापलेली. पण तो फोटो आहे कुणाकडं? गावभाग, मारुती चौक इकडं राहणाऱ्यांचे अल्बम २०१९ च्या पुरात गेले. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, तेव्हा पाणी ५७ फुटांवर गेलेलं, अल्बम कोण बघत बसणार. शेवटी मिरजेच्या एका मैत्रिणीकडं भिंतीवर फ्रेम करून लावलेला निघाला, तिनं व्हॉट्सॲपवर पाठवला, झूम करून वाचला. ए. बी. पाटील, एस. आर. पाटील, एस. डी. पाटील, कु. एस. एस. पाटील, परत कु. एस. एस. पाटील. आता सांगली जिल्ह्यात पाटील शोधा!

मुलींचं तर आडनावच बदललेलं, काहींचं नावपण. फेसबुकवर जुन्या नावानं कुणी सापडत नाही. मग रस्ता एकच, माहेर. गौरीला आणि दिवाळीला माहेरवाशिणी येतात तेव्हा ओळखीतून निरोप पोचतो, एरवी भाऊ नाहीतर वहिनी फोन उचलतात आणि "कोण तुम्ही, नंबर कशाला पाहिजे" विचारतात. बरोबरच आहे त्यांचं. मी सरळ सांगायचे, तिचा नंबर नका देऊ, माझा तिला द्या, वाटलं तर करेल. बहुतेक सगळ्यांनी केला. एकीनं तर रात्री सगळं आवरून झाल्यावर केला, तास कसा गेला कळलं नाही.

पोरांच्यात वेगळीच गंमत. कॉलेजात तीन वर्षं ज्यांच्याशी एक शब्द बोललो नाही (तेव्हा बोलायचंच नाही असं होतं, प्रॅक्टिकलला ब्युरेट मागायला सुद्धा मध्ये कुणीतरी लागायचं) त्यांना आता पहिल्याच फोनला अरे म्हणायचं का अहो? ते मला मॅडम म्हणायचे, मी त्यांना सर. दोन मिनिटांनी आपोआप "अगं काय सांगतेस" वर यायचं.

दरम्यान पुण्याच्या एका मित्रानं गूगल फॉर्म बनवून टाकला. नाव, कंपनी, पद, अनुभव किती वर्षं. कुरकुंभ, महाड, लोटे एमआयडीसीत क्यूसीला, म्हणजे मालाची तपासणी करायला असलेल्यांनी, औषध कंपन्यांच्या एमआर लोकांनी, बँकवाल्यांनी लगेच भरला. एक जण तहसीलदार झालाय, त्यानं तर सगळी पोस्टिंगं लिहिली. बाकी सगळे गप्प. मला तर वाटतं तो फॉर्म माहिती मागायला नव्हताच, परत एकदा रिझल्ट लावायला होता. गप्प बसलेल्यांना मी एकेक करून फोन लावले आणि खरी माहिती तिथनं पुढं यायला लागली.

तासगावकडचा एक जण, कॉलेजात शेवटच्या बाकावरचा. म्हणाला, "माझं काय लिहितेस, शेती करतोय." म्हटलं शेतीत काय? तर द्राक्ष, आणि स्वतःचं बेदाण्याचं शेड. मग गडी सुरूच झाला. लिटरला २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट, १५ मिली डिपिंग ऑइल, त्यात द्राक्षं बुडवून काढायची. डिपिंग ऑइल म्हणजे इथाइल ओलिएट, आपण कॉलेजात शिकलो त्या एस्टरांपैकीच एक, सालीवरचा मेणाचा थर त्यानं सुटतो आणि आतलं पाणी लवकर निघून जातं, मग रॅकवर सावलीत वाळवायची, कडक उन्हात टाकली की रंग गेला, आणि रंग गेला की भाव गेला. म्हटलं, अरे एस्टर कोण वापरतंय आमच्यात, तूच! तर म्हणतो, "व्हय की, पण ते फॉर्ममध्ये कुठल्या रकान्यात लिहू?"

दुसरा विट्याकडचा, तो गलाईत. आपल्याकडं खानापूर-आटपाडीची माणसं भारतभर सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात आहेत हे सगळ्यांना माहीत असतं, पण आपल्याच वर्गातला एक कोइमतूरला आहे हे मला माहीत नव्हतं. नायट्रिक ॲसिडमध्ये चांदी-तांबं विरघळतं, सोनं मागं राहतं, तपकिरी धूर निघतो, तेच आपलं प्रॅक्टिकल. "तेव्हा सर बाटलीला हात लावू द्यायचे नाहीत, आता कॅनच्या कॅन हायत." आणि शोधाशोधीत खरा उपयोग झाला तो ह्याचाच. गलाईवाल्यांचं जाळं एवढं पक्कं की अजून दोघं, एक कोलकात्याला आणि एक यूपीत, त्यानं बसल्या जागेवरनं शोधून दिले.

बायकांचं उत्तर ठरलेलं, "काही नाही गं, घरीच." मग मी विचारायचंच बदललं, काय करतेस विचारायचं सोडून दिवस कसा जातो विचारायला लागले. घरीच असलेली एक बचत गटाचं भडंग मुंबईला पाठवते. दुसरी जत तालुक्यात पाच वर्षं सरपंच होती, महिलांच्या आरक्षणातनं, आणि ते तिनं शेवटी सांगितलं, मुलाच्या इंजिनिअरिंगच्या ॲडमिशनचं सगळं सांगून झाल्यावर.

दोघं कोरोनात गेले. त्यांच्या घरी विचारूनच दोन-दोन ओळी लिहिल्या.

पीडीएफ करताना शेवटची भांडणं क्रमावर झाली. काहींचं म्हणणं पदाप्रमाणं लावा, अधिकारी वर. मी रोल नंबरप्रमाणं लावलं, पटलं नाही त्यांनी स्वतः टाइप करावं म्हटलं, कुणी पुढं आलं नाही. बायकांचे नंबर सरसकट छापले नाहीत, ज्यांनी हो म्हटलं त्यांचेच आहेत. दुसरी कु. एस. एस. पाटील अजून मिळालेली नाही, तिचा भाऊ माधवनगरला असतो असं तहसीलदार म्हणाला, त्याला म्हटलं मग तूच जा की आता.