पाळण्याच्या कडीला टांगलेला तोल

सदाशिव पेठेतल्या आमच्या घरात माजघराच्या तुळईला एक लोखंडी कडी आहे. मुलीचा पाळणा त्या कडीला बांधला होता. पुढे बरीच वर्षे ती रिकामीच राहिली. गेल्या महिन्यात मी तिथे तार आणि पत्र्याची सात पाने टांगली, आणि तेव्हापासून हवेत टांगलेली हलती शिल्पे घडवणारे शिल्पकार अलेक्झांडर काल्डर यांच्याविषयी लिहावे, असे मनात घोळत होते.

काल्डर यांचा जन्म १८९८ साली अमेरिकेत झाला. आजोबा आणि वडील दोघेही शिल्पकार. मुलाने मात्र यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेतली. १९२२ मध्ये जहाजाच्या बॉयलरवर काम करत असताना, ग्वाटेमालाच्या किनाऱ्याजवळ, एका पहाटे त्यांना एकीकडे लालभडक सूर्य उगवताना आणि दुसरीकडे चंद्र अजून आकाशात असलेला दिसला. ते दृश्य त्यांच्या मनातून कधीच गेले नाही. पुढे १९३० साली पॅरिसमध्ये चित्रकार मोंद्रियान यांच्या स्टुडिओच्या भिंतीवरचे रंगीत चौकोन पाहून, हे हलले तर काय बहार येईल, असे त्यांना वाटले. त्यातूनच हाताने किंवा मोटरने फिरणारी शिल्पे घडली आणि १९३१ मध्ये कलावंत मार्सेल द्युशाँ यांनी या शिल्पांना ‘मोबाइल’ हे नाव दिले.

पण मला सर्वांत मोलाचा वाटतो तो त्यांचा पुढचा निर्णय. मोटरची तीच ती फेरी त्यांना कंटाळवाणी वाटू लागली, आणि त्यांनी गती हवेवर सोपवली. भोसरीतल्या कारखान्यात एकाच मापाचा तुकडा पुन्हा पुन्हा काढण्यात माझी उमर गेली, म्हणून या निर्णयातले धाडस मला नेमके कळते. हवेवर सोपवायचे म्हणजे मोजमाप सोडायचे नव्हे. उलट ते अधिक काटेकोर लागते.

अशा टांगत्या मोबाइलची जुळणी खालून वर करायची असते. शेवटची दोन पाने आधी तारेला अडकवायची, ती तार बोटावर आडवी ठरेल ती जागा शोधायची आणि तिथे पकडीने कडे वळवायचे. मग ही जोडी वरच्या तारेच्या एका टोकाला. तीस ग्रॅमच्या झुपक्यासमोर दहा ग्रॅमचे पान असेल, तर पानाकडचा हात तिप्पट लांब हवा, हा तराजूचाच नियम आहे. बोहरी आळीतून आणलेल्या तारेवर मी हे दोन रविवार करत होतो, आणि सगळे जुळल्यावर लाल रंग दिला, तर रंगाच्या वजनाने तोल पुन्हा ढळला. आता मी आधी रंगवतो.

१९५५ मध्ये तिथल्या साराभाई या उद्योजक कुटुंबाच्या आमंत्रणावरून काल्डर अहमदाबादला आले आणि मुक्कामात त्यांनी नऊ शिल्पे घडवली.

काल वळवाच्या सरीआधी वारा सुटला, तेव्हा लाल पान प्रथमच कोपऱ्यातल्या फळीपर्यंत पोहोचले. आज सकाळी मी ती फळी वीतभर खाली घेतली.