यात काय काय घातलंय?

शनिवार, रात्री

सासूबाईंना बाहेर जेवायला न्यायचं म्हणजे आम्हाला जरा धाकधूकच असते. पथ्यपाण्याचा प्रश्न नाही, मिसळीचा रस्सा त्या अजूनही दुसऱ्यांदा मागून घेतात. धाकधूक असते ती त्यांच्या चौकशीची. ताटलीत काहीही आलं की आधी वाढणाऱ्याकडे बघून, "यात काय काय घातलंय?" आणि नीट उत्तर मिळेपर्यंत चमच्याला हात लावायचा नाही. मध्यंतरी एका चकचकीत इटालियन हॉटेलात त्यांना या प्रश्नाला "शेफ स्पेशल आहे मॅम" एवढंच उत्तर मिळालं, तेही दोनदा. त्या दिवशी आई पाणी पिऊन घरी आल्या आणि रात्री दहाला ताकभात खाल्ला.

म्हणून आमच्या एरंडवण्यातलं हे छोटं इटालियन हॉटेल मला आवडतं. बंगला पाडून सोसायटी झाली, तिच्या तळमजल्यावरचा गाळा. आठ टेबलं, एकाच पानाचं मेन्यूकार्ड, आणि भिंतीवर पिसाचा मनोरा नाही. (हे मी मुद्दाम लिहितेय. मनोरा आणि व्हेनिसची होडी जिथे असते तिथे पास्ता हमखास गिळगिळीत असतो, असा माझा अनुभव.) मालक स्वतःच स्वयंपाकघरात. मराठी माणूस, बरीच वर्षं जहाजावर शेफ होता. काही विचारलं तर हात पुसत बाहेर येतो आणि आहे ते सांगतो.

चीजचं त्यानेच सांगितलं होतं. आईंनी पास्त्यावर किसलेल्या चीजकडे बोट दाखवलं, तर म्हणाला, "आजी, इटलीतलं खरं पार्मिजानो तुम्हाला चालणार नाही." दूध, मीठ आणि रेनेट, म्हणजे दूध घट्ट करणारं द्रव्य, एवढ्यावरच ते बनतं. पण तिथल्या नियमाप्रमाणे रेनेट वासराच्या जठरातलंच लागतं. निदान बारा महिने मुरवतात, म्हणून त्याला ती चव. हा वापरतो ते आपल्याकडे बनलेलं कडक चीज, त्यातलं रेनेट सूक्ष्मजीवांपासून केलेलं. चव उतरते, हेही त्याने कबूल केलं. आई दोन मिनिटं गप्प होत्या. मग म्हणाल्या, "सांगितलंस ते बरं केलंस," आणि जेवल्या. शाकाहारी म्हणवणाऱ्या किती हॉटेलांत 'पार्मेजान' म्हणून नक्की काय भुरभुरतात कोण जाणे. विचारत कोण नाही, आणि विचारलं तरी सांगत कोण नाही.

आज मात्र आईंची चौकशी निराळ्याच कारणाने लांबली. आम्ही सातलाच पोहोचलो, गर्दी नव्हती. काउंटरपलीकडे एक मुलगा कणकेच्या बारीक वळ्या कापत होता. शेंगदाण्याएवढा तुकडा, त्यावर बोथट सुरी दाबून आपल्याकडे ओढायची, की तुकडा वळतो. तो अंगठ्यावर उलटा केला की छोटीशी वाटी तयार, बाहेरून खरबरीत. ओरेकिएत्ते नावाचा पास्ता. इटलीच्या दक्षिणेला पुलिया प्रांतात बायका हे घराच्या दारात बसून करतात. आई खुर्चीवरून उठून काउंटरशीच जाऊन उभ्या राहिल्या.

"अरे, या नखुल्या!"

त्या मुलाला काही कळेना. मग आईंनी त्याला गव्हले, मालत्या, नखुल्या सगळं समजावलं. लग्नाच्या रुखवतात या करायच्याच, दुपारची जेवणं उरकली की आळीतल्या बायका जमायच्या, रवा दुधात घट्ट भिजवायचा, मालत्या बोटांवर वळायच्या आणि नखुल्यांना नख लावायचं. सांगून थांबतील तर आई कसल्या. हात धुऊन आल्या आणि त्याच्याकडून एक वळी मागून घेतली. पहिल्या दोन-तीन जाड झाल्या, नंतर हात बसला. त्यांची नखं आता पूर्वीसारखी राहिलेली नाहीत, पण अंगठ्याच्या कडेने त्या इतक्या चटचट दाबत होत्या की मुलाने आपली सुरी बाजूला ठेवली. माझी लेक व्हिडिओ काढत होती. मला काढावासा वाटला नाही, बघायचंच होतं.

प्रश्न आलाच, "यात अंडं?" नाही म्हणे. उत्तर इटलीत मऊ गव्हाच्या मैद्यात अंडं घालून ताजा पास्ता करतात, दक्षिणेत कडक गव्हाचा रवा आणि पाणी, बस्स. म्हणजे बिनअंड्याचा पास्ता ही पुणेकरांसाठी केलेली तडजोड नव्हे, ती तिथलीच रीत आहे. मला हे आजवर ठाऊक नव्हतं. तो कडक गहू, डुरम, म्हणजे आपला बन्सी. आगरकर रस्त्यावरच्या आघारकर संशोधन संस्थेत याच गव्हाचे वाण तयार करतात, एमएसीएस ४०२८ हा तिथलाच, २०१८ सालचा. मी रोज सकाळी त्या फाटकावरून फिरायला जाते आणि आत झाडाझुडपांचा काहीतरी अभ्यास चालतो एवढंच धरून चालले होते. आणि आपली खपली, जिची खीर करतो, तीही इटलीत आहेच. तिथे तिला फार्रो म्हणतात आणि सूपमध्ये घालतात.

पुलियात ओरेकिएत्तेबरोबर मोहरीच्या कुळातली एक कडवट पालेभाजी असते. ती इथे मिळत नाही, म्हणून हा मुळ्याचा पाला घेतो. पास्ता उकळतो त्याच पाण्यात पाला टाकायचा, वेगळ्या तव्यात ऑलिव्ह तेलावर लसूण आणि सुकी मिरची, मग सगळं एकत्र. तिकडे खारवलेले मासे घालतात, इथे ते वगळून वरून तेलात परतलेला पावाचा चुरा. ताटली आली तेव्हा लसणीचा वास आधी आला. पाल्याचा कडूपणा जिभेवर शेवटी येतो आणि त्यामुळेच पुढचा घास घ्यावासा वाटतो. पास्ता दाताला लागत होता. नवरा नेहमीप्रमाणे "कच्चा राहिलाय" म्हणाला, तर आईच त्याच्यावर डाफरल्या, "गाळ करून खायचाय का तुला?" 'पास्ता म्हणजे आपल्या चकोल्याच' हे वाक्यही त्याच्या तोंडावर आलं होतं, पण ते आमच्या टेबलावर कधीच बंद झालंय.

लेकीने पिंक सॉस मागवला. क्रीम आणि टोमॅटो, वर साखरेची चव. तो मेन्यूत का ठेवलाय असं मी मालकाला विचारलं, तर हसून म्हणाला, "ताई, गाळ्याचं भाडं त्याच्यावर निघतं."

पिझ्झा ठीक. नेपल्समध्ये चारशे अंशांच्या वर तापलेल्या लाकडाच्या भट्टीत तो साठ ते नव्वद सेकंदांत होतो. २०१७ साली युनेस्कोने त्या कारागिरीला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. इथे विजेचा ओव्हन आहे, कडा तशा फुगत नाहीत. तिरामिसू अंड्याशिवायचं, त्यामुळे नुसतंच गोड क्रीम. ते नाही मागवलं तरी चालेल.

बिलात पाच टक्के जीएसटी, सर्व्हिस चार्ज नाही. निघताना आईंनी मालकाला बजावलं की मोहरीचा पाला मंडईत थंडीत कधीकधी दिसतो, लक्ष ठेव.

नवऱ्याच्या ऑफिसातली मंडळी पुढच्या आठवड्यात जेवायला येणार आहेत, त्यांना इथेच आणू असं त्याचं चाललंय. मी साफ नाही म्हटलंय. आठच टेबलं आहेत, आणि शनिवारी साडेसातनंतर आत्ताच जिन्याच्या पायरीवर बसून थांबावं लागतं.